गोळी बुडाकडून वाचावी

घरी शिशाची गोळी ओतायला नुकतीच सुरुवात केलेला माणूस पहिल्या मूठभर गोळ्या घेऊन येतो, तेव्हा त्याचा प्रश्न ठरलेला असतो: माझ्या धातूत काय कमी पडलं? गोळ्यांच्या अंगावर सुरकुत्या असतात, बुडाची कड गोलसर राहिलेली असते, एखादीच्या बुडाशी खळगा असतो. कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने महागाचं कथील आणून रसात टाकलेलं असतं, तरी सुरकुत्या गेलेल्या नसतात. त्या जाणारच नव्हत्या. रस चांगला होता. साचा थंड होता.

ही पुस्तिका लिहावीशी वाटली ती यामुळेच. ओतीव गोळीतले बहुतेक दोष उष्णतेचे असतात, त्याखालोखाल अस्वच्छतेचे, आणि धातूच्या प्रमाणाचे सगळ्यात शेवटी. शिकणारा शोध घेतो तो नेमका उलट्या क्रमाने. आधी धातू बदलतो, मग साचा, मग विजेचं भांडं, आणि तापमानापर्यंत पोचेतो खिसाही रिकामा होतो आणि हौसही फिटते. हा क्रम सुलटा करता आला तर या छंदातली निम्मी निराशा टळेल, असं मला मनापासून वाटतं.

हा छंद मुख्यतः अमेरिकेतला. तिथे स्वतःच्या वापरापुरत्या गोळ्या घरी ओतायला संघराज्याच्या कायद्याची आडकाठी नाही. विकायच्या म्हटल्या तर मात्र उत्पादकाचा परवाना लागतो, आणि राज्याराज्यांचे नियम वेगळे असू शकतात, ते ज्याने त्याने पाहावेत. तिथे स्थायिक झालेल्या आणि रायफल क्लबात जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी ही पुस्तिका आहे. भारतात १९५९चा शस्त्र कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे. म्हणून महाराष्ट्रातल्या वाचकाने यातलं काहीही करून पाहू नये. ओतकामाचं शास्त्र म्हणून मात्र त्याने ती जरूर वाचावी. कोल्हापूरच्या फौंड्रीत काम केलेल्या माणसाला इथले दोष अनोळखी वाटणार नाहीत. तिथे बिडाच्या जॉबमध्ये जो कोल्ड शट, म्हणजे रसाच्या दोन धारा एकजीव न झाल्याची रेघ, दिसतो, तोच इथे बोटाच्या पेराएवढ्या गोळीवर सुरकुती होऊन येतो. धातू वेगळा, तापमान वेगळं, कारण एकच.

ओतकाम घरात शिरलं ते छंद म्हणून नाही. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वॉशिंग्टनच्या सैन्यापुढे वाचला गेला आणि त्याच संध्याकाळी जमावाने बोलिंग ग्रीन चौकातला तिसऱ्या जॉर्जचा अश्वारूढ पुतळा ओढून पाडला. पुतळा शिशाचा होता, वरून सोन्याचा मुलामा दिलेला. त्यातलं बरंचसं शिसं कनेक्टिकटमधल्या लिचफील्ड गावी ऑलिव्हर वोल्कॉटच्या घरी नेलं गेलं. तिथे गावातल्या बायकांनी आणि मुलांनी ते वितळवून गोळ्या ओतल्या. कुणी किती केल्या याचा नाववार हिशोब वोल्कॉटच्या कागदांत आहे. एकूण आकडा ४२,०८८. त्यांच्याकडे ना तापमापक होता, ना मिश्रधातूचं कोष्टक. त्या नुसत्या नजरेच्या अंदाजाने ओतू शकल्या याचं कारण त्यांची बंदूकही तेवढीच सहनशील होती. गुळगुळीत नळीच्या मस्केटमध्ये गोल गोळी सैलच बसायची, तिच्यावर एखादी सुरकुती असली तरी फारसं बिघडत नसे. आजच्या रायफलीच्या नळीत पेचदार खाचा असतात, आणि गोळी त्या खाचांच्या व्यासापेक्षा इंचाच्या एक-दोन हजारांशाने मोठी असावी लागते. काम तेच राहिलं. चुकीला असलेली जागा नाहीशी झाली.

दोष ओळखायचा तर साच्यात काय घडतं ते आधी डोळ्यांसमोर आणलं पाहिजे. साचा म्हणजे धातूचे दोन ठोकळे. मिटल्यावर त्यांच्यामध्ये गोळीच्या आकाराची पोकळी तयार होते. वर एक सपाट पट्टी असते, स्प्रू प्लेट. तिच्या भोकातून रस आत जातो. बहुतेक साच्यांत गोळी डोकं खाली, बूड वर अशी ओतली जाते. म्हणजे बूड सगळ्यात शेवटी भरतं, आणि ते थेट त्या पट्टीखाली असतं. रस आत शिरताना आतल्या हवेला बाहेर पडावं लागतं. ती ठोकळ्यांच्या समोरासमोरच्या तोंडांवर कोरलेल्या केसासारख्या बारीक रेघांतून आणि पट्टीखालून निसटते. मग रस गोठायला लागतो. गोठताना शिशाचं आकारमान सुमारे साडेतीन टक्क्यांनी कमी होतं. ही तूट कुठून तरी भरून निघायला हवी, आणि ती भरायला पट्टीवर साठलेल्या रसाच्या डबक्याखेरीज दुसरं काहीच नसतं. ते डबकं गोळीनंतर गोठलं तर गोळी भरीव होते. आधी गोठलं तर गोळी स्वतःच्या पोटातून ती तूट भरते आणि आत पोकळी राहते. हे सगळं दोन-चार सेकंदांत उरकतं. या दोन-चार सेकंदांत साचा किती गरम होता, पट्टी किती गरम होती आणि हवेला वाट होती का, या तीन प्रश्नांची उत्तरं गोळीच्या अंगावर उमटलेली असतात.

म्हणून गोळी हातात घेतली की आधी तिचं बूड पाहावं. नवशिक्याची नजर टोकाकडे जाते, कारण निशाणावर टोक आधी पोचतं. पण गोळीची दिशा बूड ठरवतं. मॅसॅच्युसेट्समधल्या डॉ. फ्रँकलिन मॅन यांनी गोळ्या मुद्दाम विद्रूप करून झाडल्या. काहींची टोकं ठेचली, काहींची बुडं खराब केली, आणि त्या कुठे लागतात ते नोंदवलं. १९०९ साली त्यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. टोक बिघडलेली गोळी फारशी भरकटत नाही आणि बूड बिघडलेली हमखास भरकटते, हे त्यातून नेमकेपणाने दिसलं. कारण सरळ आहे. गोळी नळीच्या तोंडातून सुटते त्या क्षणी मागच्या वायूचा जोर बुडावर असतो. बुडाची कड एका बाजूला खचलेली असेल तर वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला आडवा धक्का देऊन जातो.

गोळी गार झाल्यावर उजेडाकडे तिरपी धरा आणि भिंगातून बुडाची कड पाहा. कड नखाला लागेल इतकी धारदार आणि सगळीकडून अखंड हवी. ती सगळ्या बाजूंनी सारखीच गोलसर असेल तर रस किंवा पट्टी थंड होती. एकाच ठिकाणी गोलसर असेल आणि प्रत्येक गोळीत तीच जागा असेल, तर तिथली हवेची वाट बुजली आहे. साचा उघडून त्या बारीक रेघा पाहा, त्यांत काजळी किंवा शिशाचा पातळ पापुद्रा भरलेला सापडेल. पट्टी फार घट्ट आवळली असेल तरीही बुडाशी हवा अडकते. ती स्वतःच्या वजनाने सहज झुलावी, पण वर उचलली जाऊ नये, इतपतच सैल ठेवावी. बुडाच्या मध्यभागी, जिथे पट्टी गोठलेलं डबकं कापते तिथे, खळगा असेल तर डबकं लहान पडलं किंवा तुम्ही पट्टी घाईने फिरवली. ही घाई लपत नाही. साच्याच्या माथ्यावर शिशाचा चकाकता लेप फासलेला दिसतो. तो तसाच राहू दिला तर पट्टी सपाट बसत नाही आणि पुढच्या प्रत्येक गोळीच्या बुडाला झालर येते.

सुरकुत्यांबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण सर्वाधिक गोळ्या त्यांच्यापायीच वाया जातात. सुरकुतीची कारणं दोन, आणि ती एकमेकांसारखी दिसतात. पहिलं, साचा थंड असणं. रसाची एक धार भिंतीला लागून गोठते, दुसरी तिच्यावर येऊन पडते, आणि दोन्ही एकजीव होत नाहीत. दुसरं, पोकळीत तेल असणं. कारखान्यातून येताना साच्याला गंजू नये म्हणून तेल फासलेलं असतं. गरम रस लागला की त्याची वाफ होते आणि ती वाफ रसाला भिंतीपासून दूर ढकलते. दोन्हींतला फरक ओळखायची खूण अशी: थंडीच्या सुरकुत्या साचा तापेल तशा कमी होत जातात आणि दर गोळीत जागा बदलतात. तेलाच्या सुरकुत्या साचा चांगला तापला तरी त्याच जागी येत राहतात. पहिल्या प्रकाराला उपाय म्हणजे ओतत राहणं, आणि आलेल्या गोळ्या न पाहता परत भांड्यात टाकणं. दुसऱ्याला भांडी घासायचा साबण, गरम पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो. मात्र साचा त्यानंतर पूर्ण कोरडा झालाच पाहिजे. पाण्याचं काय होतं ते पुढे सांगतोच. मेणबत्तीच्या काजळीने पोकळी काळी करण्याचा रिवाज आहे, काही उत्पादकही तो सुचवतात. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. काजळी दोष झाकते, आकार थोडा लहान करते आणि हवेच्या रेघा बुजवते. स्वच्छ, गरम साच्याला तिची गरज नसते.

साचा पुरेसा तापला हे कसं कळावं? डबक्याकडे पाहून. ओतल्या क्षणीच डबकं गोठलं तर साचा थंड. गोठायला दहा सेकंदांहून जास्त लागले तर अती गरम. तीन ते पाच सेकंदांत चकाकी जाऊन पृष्ठभाग मंद झाला की समजावं, जमलं. भांड्याला लावलेला तापमापक फक्त रसाचं तापमान सांगतो. साच्याचं तापमान तुमच्या हाताच्या लयीवर असतं. ओतणं, थांबणं, कापणं, उघडणं, मिटणं, पुन्हा ओतणं ही लय मध्येच मोडली, कुणाशी बोलायला थांबलात, नुकतीच पडलेली गोळी निरखत बसलात, की साचा गार होतो आणि पुढच्या चार-पाच गोळ्या फुकट जातात. म्हणून ओतताना गोळ्या पाहायच्या नाहीत. मऊ कापडावर पाडत जायचं, पाहणी नंतर. अॅल्युमिनियमचा साचा लवकर तापतो आणि लवकर गारही होतो, म्हणून त्याला जलद लय लागते. लोखंडी साच्याला तापायला वेळ लागतो, पण एकदा तापला की थोडी ढिलाई खपवून घेतो. पितळी साचा जड, हात भरून येतो, पण उष्णता छान धरून ठेवतो.

साचा जास्त तापला की गोळीवर दंव पडल्यासारखी पांढुरकी छटा येते. नवशिका घाबरून अशा गोळ्या परत वितळवतो. तसं करायचं कारण नाही. अँटिमनी असलेला मिश्रधातू सावकाश गोठला की पृष्ठभागावर स्फटिकांची जाळी दिसू लागते, ती ही छटा. कडा धारदार असतील तर हलकी छटा असलेली गोळी चकचकीत गोळीइतकीच चांगली उडते. छटा गडद होऊन पृष्ठभाग खडबडीत झाला, गोळीवरच्या खाचांच्या कडा तुटक दिसू लागल्या, की मग मात्र थांबावं आणि साच्याला श्वास घेऊ द्यावा. थंड साच्याने बिघडलेली गोळी वापरता येत नाही, किंचित जास्त तापलेल्या साच्याची येते. म्हणून चुकायचंच असेल तर उष्णतेच्या बाजूला चुकावं.

गोळीच्या दोन्ही कुशींना पात्यासारखा पातळ पडदा आला तर साचा नीट मिटत नाहीये. दोन ठोकळ्यांमध्ये शिशाचा बारीकसा कण अडकलेला असतो. तो स्टीलच्या टोकाने खरवडू नका. साचा तापवा आणि लाकडी काडीने पुसून काढा; गरम असताना तो सहज निघतो. गोळी साच्यातून सुटत नसेल तर मुठींच्या बिजागरीच्या खिळ्यावर लाकडी दांड्याने टिचकी मारावी, ठोकळ्यावर कधीही नाही. मला वाटतं, झिजून निकामी झालेल्या साच्यांपेक्षा ठोकून निकामी केलेले साचेच जास्त असतील.

आता धातूकडे येतो. शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि फार मऊ असतं. ब्रिनेल मापाने त्याचा कठीणपणा सुमारे ५. ते साच्याच्या कोपऱ्यांत नीट शिरत नाही. कथील घातलं की रसाचा पृष्ठताण कमी होतो आणि तो बारीक खाचांत वाहतो. शेकडा एक-दोन भाग कथील पुरतं. त्याहून जास्त घालणं म्हणजे बहुतेक वेळा पैसे जाळणं. आणि रस ४०० अंशांपलीकडे तापवला तर कथिलाचं वेगाने ऑक्साइड होतं, तेव्हा घातलेल्याचाही उपयोग उरत नाही. अँटिमनी कठीणपणा देतं. पाच टक्के अँटिमनी, पाच टक्के कथील, बाकी शिसं हा लायमन कंपनीच्या नावाने ओळखला जाणारा क्रमांक दोनचा मिश्रधातू. ब्रिनेल सुमारे १५. बहुतेक मिश्रधातूंची सुरुवात ३७० अंशांच्या, म्हणजे ७०० फॅरनहाइटच्या आसपास करावी आणि तिथून पुढे-मागे सरकावं.

या तीन धातूंचं सगळ्यात प्रसिद्ध मिश्रण छापखान्यात जन्मलं. ८४ भाग शिसं, १२ भाग अँटिमनी, ४ भाग कथील: लायनोटाइप. ते सुमारे २४० अंशांवर, तिघांपैकी दोघांपेक्षा कितीतरी लवकर, वितळतं आणि साच्याची रेघान् रेघ उचलतं. उचलावीच लागे, १८८६ साली न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये लायनोटाइप यंत्र सुरू झालं ते अक्षरांच्या अख्ख्या ओळी ओतण्यासाठी. आपल्याकडे खिळे जुळवणाऱ्या छापखान्यांत जे खिळे होते, तेही याच तीन धातूंच्या कुळातले. १९७८च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने गरम धातूची छपाई थांबवली. त्या काळात एकेका वृत्तपत्राने जुनी यंत्रं मोडीत काढली आणि भंगारात आलेलं ते शिसं गोळ्या ओतणाऱ्यांनी वर्षानुवर्षं वापरलं. आज ते दुर्मीळ आहे. ज्याच्याकडे असेल त्याने ते निव्वळ ओतू नये, मऊ शिशात मिसळून पुरवावं. त्याचा २२ ब्रिनेलचा कठीणपणा बहुतेक बंदुकांना लागतच नाही.

लायनोटाइप संपत गेलं तसा ओतणाऱ्यांचा आधार झाला तो गाडीच्या चाकाला लावायच्या वजनांचा. जुन्या, क्लिपवाल्या वजनांत सुमारे ९५ टक्के शिसं, तीनेक टक्के अँटिमनी, थोडं कथील आणि लेशमात्र अर्सेनिक असतं. पण कॅलिफोर्नियाने २०१० पासून शिशाची वजनं बंद केली, इतर काही राज्यांनीही तेच केलं, आणि टायरवाल्याच्या बादलीत आता जस्ताची आणि लोखंडाची वजनं मिसळलेली असतात. लोखंड वर तरंगतं, ते काढून टाकता येतं. जस्त घातक आहे. ते ४१९ अंशांना वितळून रसात मिसळलं की रस रवाळ होतो, पळीवरून गुठळ्यांनी पडतो, आणि कितीही तापवा, साच्याचे कोपरे भरत नाही. म्हणून वजनं वितळवताना रस ३७० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. तेवढ्या तापमानात जस्ताची वजनं न वितळता वर तरंगत राहतात आणि झाऱ्याने उचलता येतात. त्याआधीच पकडीने प्रत्येक वजन चावून पाहिलं तर आणखी बरं: शिशात पकड रुतते, जस्तावरून घसरते.

गाडीच्या जुन्या बॅटरीतलं शिसं कितीही फुकट मिळालं तरी घेऊ नका. तिच्या पट्ट्यांत कॅल्शियम असतं, सोबत आम्ल असतं, आणि अर्सेनिक किंवा अँटिमनी असलेल्या मळीला ओल लागली की अत्यंत विषारी वायू निघू शकतो. यावर उपाय नाही. ते शिसं वापरायचंच नाही.

रसावर करड्या रंगाची साय येते. ती काढून फेकणं ही नवशिक्याची आणखी एक महागडी सवय. त्या सायीत त्याचंच कथील असतं, ऑक्साइड झालेलं. चमचाभर मेण किंवा मूठभर कोरडा लाकडाचा भुसा टाकून लाकडी काडीने तळापासून ढवळलं, तर जळणाऱ्या भुशातला कार्बन ऑक्साइडमधला प्राणवायू ओढून घेतो आणि कथील रसात परत जातं. मग जी काळी भुकटी उरते, ती खरी मळी, ती काढावी. धूर होतो, ज्वालाही उठतात, म्हणून हे काम उघड्यावर. ढवळणं कमी पडलं तर मळीचे कण गोळीत अडकतात. वरून काही दिसत नाही, वजन मात्र कमी भरतं. अचूकतेसाठी ओतणारा प्रत्येक गोळी तोलतो ते यासाठीच. रायफलीची १७० ग्रेनची, म्हणजे सुमारे ११ ग्रॅमची गोळी एखाद-दुसऱ्या ग्रेनने हलकी निघाली, तर तिच्या पोटात मळी आहे किंवा हवा.

गोळी सुबक झाली तरी एक तक्रार उरते: नळीत शिसं बसतं. यावरचा सर्वमान्य सल्ला असतो, गोळी अजून कठीण करा. मला हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा वाटतो. गोळी नळीपेक्षा लहान असली की गरम वायू तिच्या कुशीतून पुढे निसटतो, तिचा पृष्ठभाग कापतो आणि ते शिसं नळीत माखतो. अशी गोळी कठीण केली तर ती दाबाखाली फुगून नळी भरण्याची शक्यताही जाते आणि तक्रार वाढते. आधी नळीचं माप घ्या, मग गोळीचं. तेही ओतल्या दिवशी नको. अँटिमनी असलेल्या गोळ्या पुढचे दोन आठवडे कठीण होत राहतात, मापातही किंचित फरक पडू शकतो. माप बरोबर असेल, गोळीवरचं वंगण पुरेसं असेल, तरच कठीणपणाचा विचार करावा.

वरच्या सगळ्यावरून पद्धत एकच निघते: एका वेळी एकच गोष्ट बदलणं. तापमान वाढवलं, कथील टाकलं आणि साचाही घासला, आणि गोळ्या सुधारल्या, तर काय शिकलात? काहीच नाही. पुढच्या महिन्यात तोच दोष परत येईल तेव्हा पुन्हा तिन्ही करावं लागेल. म्हणून पुस्तिकेच्या शेवटी कोष्टकाचं कोरं पान दिलं आहे: धातू, रसाचं तापमान, साचा, डबकं गोठायला लागलेला वेळ, आणि बुडाचं वर्णन. ते प्रत्येक बैठकीला भरावं. साचे बनवणारी कंपनी आपल्या कोष्टकांत आकडे देते, पण ते तिच्या साच्याचे असतात. तुमच्या अंगणातल्या वाऱ्याचे आकडे तुम्हालाच लिहावे लागतात.

दोन प्रकरणं ज्यांना वगळून पुढे जाता येणार नाही अशी मी मुद्दाम पहिल्याच भागात घातली आहेत. त्यातलं एक पाण्याचं. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि ती भांड्यातला सगळा रस वर उडवते. शिशाची ओली वीट, दमट पळी, पावसातून आणलेलं भंगार, कपाळावरून टपकलेला घाम, कारण कुठलंही असो, परिणाम तोच. नवी वीट रसात सोडण्याआधी भांड्याच्या कडेवर ठेवून तापवा. चष्मा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, चामड्याचे बूट आणि हातमोजे घातल्याशिवाय भांडं चालू करू नका. नायलॉन अंगावर वितळतं, सुती कापड वितळत नाही.

दुसरं प्रकरण विषबाधेचं. शिसं उकळतं १७४९ अंशांना. आपण काम करतो त्या तापमानाला त्याची वाफ फारशी होत नाही. धोका धुरापेक्षा धुळीत जास्त आहे. मळीची भुकटी बोटांना लागते, बोटं सिगारेटला, चहाच्या कपाला, पोराच्या गालाला लागतात. लहान मुलांच्या बाबतीत अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ साली संदर्भपातळी एक दशांश लिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली, आणि शिशाची मुलांसाठी सुरक्षित अशी पातळी ज्ञात नाही, असं वैद्यकशास्त्र सांगतं. वोल्कॉटच्या घरी मुलं गोळ्या ओतत होती. आज ते कुणीही करू देऊ नये. स्वयंपाकघरातली पळी एकदा शिशात बुडाली की ती परत स्वयंपाकघरात जायची नाही. ओततानाचे कपडे वेगळे धुवायचे, बूट दाराबाहेर ठेवायचे, मळी झाकणाच्या डब्यात साठवून घातक कचऱ्याच्या केंद्रात द्यायची, आणि वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यायचं. कुणाला हे अती वाटत असेल तर त्याने तयार गोळ्या विकत घ्याव्यात. त्यात कमीपणा काहीच नाही.

काडतुसात दारू किती भरायची, याविषयी या पुस्तिकेत एकही आकडा नाही, आणि तो मी जाणीवपूर्वक दिलेला नाही. ते दारू बनवणाऱ्या कंपनीच्या ताज्या पुस्तिकेतून, तुमच्याच बंदुकीसाठी आणि तुमच्याच गोळीच्या वजनासाठी पाहायचं असतं. इथलं काम धातू भांड्यात वितळतो तिथे सुरू होतं आणि गोळी मोजून, तोलून डब्यात ठेवली की संपतं. पहिलं प्रकरण चष्म्यापासून सुरू होतं. तिथून वाचायला घ्या.